बरणीतला नाकतोडा

प्रश्न : मी सातपूरला प्राथमिक शाळेत शिकवते. अंजनेरीच्या पायथ्याला आमच्या शेताच्या बांधावर करवंदीच्या जाळीत एक हिरवा नाकतोडा सापडला. मिशा अंगापेक्षा लांब, पंख मात्र अगदी आखूड. नेटवरच्या एकाही फोटोशी जुळत नाही. वर्गातल्या मुलांनी त्याचं नावही ठरवून टाकलंय! ही नवी प्रजाती असेल का?
— एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : ताई, असेलही. पण आधी ते पिल्लू तर नाही ना, हे बघा. एवढ्या लांब मिशा म्हणजे हा टोळांपेक्षा रातकिड्यांना जवळचा, टेट्टिगोनिडी कुळातला. आखूड पंखांनी भलेभले फसतात. भिंग घ्या. मोठ्या पिल्लाच्या पाठीवर मागच्या पंखांचे कोंब पुढच्या कोंबांच्या वर असतात. शेवटची कात टाकली की पुढचे पंख वर येतात. कोंब असे उलटे दिसले, तर करवंदीचा पाला घालत राहा आणि कात टाकताना लटकायला बरणीत उभी काडी ठेवा.

प्रौढ असेल, तर नर की मादी? मादीला मागे विळ्यासारखी अंडनलिका दिसते. आम्हाला जास्त उपयोगी नर. तो डावा पंख उजव्यावर घासून गातो. डाव्याच्या खालच्या अंगाला दातेरी शीर असते. तिचे दाते मोजायचे, शेपटाकडच्या आकड्यांचा आकार बघायचा, छातीखाली काटे आहेत का, पुढच्या पायावरचा कान उघडा की झाकलेला, हे टिपायचं. रंगाचं मी शेवटी विचारतो. वाळल्यावर हिरवा कुठला टिकतोय!

शास्त्रात जाती म्हणजे स्पीशीज आणि प्रजाती म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट. नवी जाती दाखवणं त्यामानाने सोपं. नवी प्रजाती म्हणजे नात्यागोत्याचा दावा. जवळच्या सगळ्या प्रजातींशी ताडून, हा त्यांतल्या एकीतही बसत नाही हे पटवावं लागतं. आपल्याकडच्या कित्येक जातींचे मूळ नमुने लंडन-व्हिएन्नाच्या संग्रहालयांत आहेत, त्यामुळे वेळ जातो तो इथेच. शिवाय 1930 नंतरच्या प्रत्येक नव्या प्रजातीला एक प्रमाण जाती, म्हणजे प्रजातीचं नाव जिच्याशी बांधलेलं राहतं ती जाती, नेमून द्यावी लागते, आणि ते नाव प्राणिसृष्टीत आधी कुणाला दिलेलं चालत नाही. मुलांचं नाव तूर्त फळ्यावरच राहू दे.

प्रौढ झाल्यावर वरून, बाजूने, खालून फोटो काढा आणि आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात विचारा. मेला तर फेकू नका. एक पाय डीएनएसाठी अल्कोहोलमध्ये, बाकीचा किडा सुकवून डबीत. सोबत चिठ्ठी हवीच : गाव, तारीख, झाड. बिनचिठ्ठीचा किडा कितीही देखणा असला, तरी आमच्या कामाचा नाही.