‘ॲकल्चरेशन’ला सात्मीकरण म्हणावं का?

अमेरिकेतल्या हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक मुळाच्या) स्थलांतरितांवरचा एक लेख मराठीत आणताना प्रश्न आलाय: ‘ॲकल्चरेशन’ (नव्या देशाचे रीतिरिवाज हळूहळू अंगी येणं) म्हणजे सात्मीकरण आणि ‘व्हिक्टिमायझेशन’ (गुन्ह्याचा त्रास वाट्याला येणं) म्हणजे बळी जाणं, असं लिहिलं तर चालेल का?

सात्मीकरण नको. एक तर ते ‘असिमिलेशन’साठी, म्हणजे नव्या समाजात पुरतं मिसळून जाण्यासाठी, रुळलंय. दुसरं म्हणजे आयुर्वेदात सात्म्य म्हणजे अंगाला मानवणारं, आणि इथलं दुखणं नेमकं उलटं आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी शिकागोतला अभ्यास 2005 साली प्रसिद्ध केला. त्यात बाहेरून आलेली पहिली पिढी हिंसेकडे वळण्याची शक्यता तिसऱ्या पिढीपेक्षा सुमारे 45 टक्के कमी निघाली, दुसरीची 22 टक्के कमी. म्हणजे नातवंडं जितकी ‘इथली’ झाली तितकी बिघडली! ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण जणू याच आकड्यांसाठी केलीय.

‘संस्कृतीकरण’ही सुचेल, पण ते समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांनी खालच्या जातींनी वरच्यांचे आचार उचलण्यासाठी वापरलेल्या संज्ञेचं मराठी रूप आहे. वाचक भलतीकडे जाईल. मी ‘संस्कृतिग्रहण’ लिहीन. ग्रहणात चांगलंवाईट दोन्ही घेता येतं (आणि लागतंही).

खरं तर आपल्याकडे ‘इंग्रजाळलेला’ आहेच, त्याच वळणावर ‘अमेरिकाळणं’ झकास होईल. मेक्सिकन लोक अशा माणसाला ‘पोचो’ म्हणतात, मूळ अर्थ रंग उडालेला. दोन्हींत टोमणा आहे, म्हणून कथेत चालेल, समाजशास्त्राच्या लेखात नाही.

आता ‘बळी’. ‘भूलथापांना बळी पडला’ म्हटलं तर माणूस जिवंत असतो, पण ‘लुटीत दोन बळी’ वाचलं की आपण प्रेतंच मोजतो. ‘पीडित’ धडधाकट शब्द, पण ‘पीडिता’ म्हटलं की बातमी बलात्काराचीच, अशी सवय वर्तमानपत्रांनी लावलीय. लेखातला माणूस मात्र असा आहे: नुकताच आलेला, बँकेत खातं नाही, आठवड्याचा पगार रोख खिशात, कागदपत्रं नाहीत म्हणून लुटला गेला तरी पोलिसांकडे जाणार नाही. तिकडे अशांना ‘चालतं एटीएम’ म्हणतात. लुटारूच्या नजरेतून आपला शब्द ‘सावज’. पण लेख त्याच्या नजरेतून लिहायचा नाहीये.

पूरग्रस्तसारखं ‘गुन्हेग्रस्त’ करून पाहिलं, तर ते वस्तीचं विशेषण वाटायला लागलं. तेव्हा नामाचा हट्ट सोडा आणि क्रियापदानं काम भागवा: ‘नवख्यांना गुन्ह्यांची झळ बसते’. तक्त्याच्या मथळ्यात जागा कमी असेल तिथे ‘पीडित’ घाला.