मातीच्या आकृतींतून पर्यावरणाचा विषय कसा मांडतात? सोलापुरात काय करता येईल?

आधी केट मॅकडॉवेल या अमेरिकन शिल्पकर्तीचं काम बघा. पांढऱ्याशुभ्र पोर्सेलिनचे (चिनी मातीचे) बेडूक-पक्षी, आणि आत चक्क माणसाची हाडं. इटालियन शिल्पकार बर्निनीच्या शिल्पात (१६२२-२५) ग्रीक कथेतली डॅफ्नी पाठलाग करणाऱ्या अपोलो देवापासून झाड होऊन सुटते; मॅकडॉवेलची डॅफ्नी मात्र तोडलेल्या जंगलासारखी तुकड्यांत पडलेली. घोषणेची पाटी लावायची गरजच नाही.

विषयासाठी तुम्हाला लांब कशाला जायला हवं? सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्याचा माळढोक पक्षी आहेच. मादी उघड्या माळावर, जमिनीवरच बहुधा एकच अंडं घालते. डोळे बाजूला असल्यानं समोरच्या विजेच्या तारा या पक्ष्याला वेळेत दिसत नाहीत. माणसाचं धड, माळढोकाची मान आणि गळ्याभोवती तार, एवढं पुरे. (मोर-पोपट कृपा करून नकोत!)

माती मात्र जपून निवडा. आपल्या रानातली काळी माती वाळताना भयंकर आकसते, तडकते. त्यात चुनखडीचे खडे राहिले तर भाजल्यावर काही दिवसांनी हवेतल्या ओलाव्यानं फुगतात आणि वरचा टवका उडवतात. म्हणून माती पाण्यात कालवून बारीक चाळणीतून गाळा, भाजलेल्या विटेचा चुरा मिसळा, आकृती आतून पोकळ ठेवा आणि सावलीतच वाळवा.