श्रोता झोपला तरी चालेल अशी मैफल : प्रश्नोत्तरे

ताण हलका व्हावा, शरीराला विसावा मिळावा म्हणून आखलेल्या प्रत्यक्ष मैफलींबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी सात इथे घेतले आहेत. पहिल्या दोन उत्तरांत बऱ्याच जणांच्या शंका एकत्र आल्या आहेत, म्हणून ती लांबली आहेत.

प्रश्न : सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रविवारी सकाळी आडवे पडून ऐकायची गायनाची मैफल करायची आहे. हॉल १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद, ३.२ मीटर उंच; खाली फरशी, भिंती साध्या. साठ नावे आली आहेत. माइक लागेल का? तयारी काय करावी? (सांस्कृतिक समिती, कोथरूड)

उत्तर : साठपैकी निम्मी नावे पुढच्या रविवारी घ्या. मांडी घालून बसणाऱ्याला पाऊण चौरस मीटर पुरते, आडव्या माणसाला येण्या-जाण्याची वाट धरून दोन चौरस मीटर लागतात. तुमच्या ९६ चौरस मीटरमधून मंच, खुर्च्यांची एक रांग आणि दारापर्यंतची मोकळी वाट वजा केली की तीस गाद्या बसतात. त्याहून जास्त घातल्या तर मधूनच उठणारा कोणाच्या तरी हातावर पाय देणार, हे नक्की.

झोपायचे कोणत्या दिशेला? हे आधी कोणी विचारत नाही आणि ऐनवेळी सगळेच अवघडतात, कारण कलाकारांकडे पाय करणे आपल्याला पटत नाही. डोकी मंचाकडे आणि पाय मागच्या भिंतीकडे अशा गाद्या अंथरा. आवाजही कानांपर्यंत नीट पोहोचतो. गुडघे-पाठ दुखणाऱ्यांसाठी लोड आणि तक्के ठेवा, आणि ज्यांना जमिनीवरून उठता येत नाही त्यांच्यासाठी कडेला हात टेकता येणाऱ्या खुर्च्या.

तीस माणसांना माइक नको. त्याआधी हॉलची घुमण मात्र कमी करावी लागेल. घुमण किती सेकंद टिकते याचा ढोबळ हिशेब असा : हॉलचे घनफळ गुणिले ०.१६१, भागिले आवाज शोषणारे एकूण क्षेत्र. तुमचे घनफळ ३०७ घनमीटर. रिकाम्या, फरशीच्या हॉलचे शोषण १५ चौरस मीटर धरले तर घुमण ३.३ सेकंद निघते. एवढ्या घुमणीत मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) आणि त्यानंतरचा स्वर यांचा चिखल होतो. माणसे, गाद्या आणि जाड पडदे मिळून आणखी ३० चौरस मीटर शोषण वाढले की ती १.१ सेकंदावर येते, आणि ती गळ्याला छान मानवते. पडदे चुण्या घालून लावा, ताणून लावलेला पडदा फारसे काही शोषत नाही. समोरासमोरच्या दोन मोठ्या भिंतींपैकी निदान एक झाकायलाच हवी, नाहीतर टाळी वाजवली की तर्र असा प्रतिध्वनी उमटतो.

आवाज मोजायचा असेल तर मधल्या गादीवर डोक्याच्या उंचीला मोजा. सरासरी ५५ ते ६५ डेसिबल आणि सर्वात चढा क्षण ७५ च्या आत असावा. एक मीटरवरून साधे बोलणे साधारण ६० डेसिबलचे असते. मोबाइलवरचे ॲप चार-पाच डेसिबलने चुकू शकते, पण तुलनेला पुरते.

मैफल बिघडते ती बहुधा गाण्यामुळे नाही, दचकण्यामुळे. डोळे मिटून पडलेल्या माणसाला वॉटर कूलरचा कॉम्प्रेसर सुरू झालेला ऐकू येतो, पाण्याचा पंप ऐकू येतो, वरच्या जिममध्ये ठेवलेले डंबेल तर छातीत ऐकू येते. म्हणून आदल्या रविवारी त्याच वेळी हॉलमध्ये अर्धा तास गप्प बसून काय काय वाजते याची यादी करा. कूलर बंद करा, पंपाची वेळ बदला, दाराच्या बिजागरीला तेल घाला, दाराच्या कडेला नमदा चिकटवा. चपला बाहेर आणि फोन पूर्ण बंद. टाइल्सवरचा व्हायब्रेट घंटीपेक्षा वाईट.

दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, कलाकारांचा परिचय आणि आभार हे सगळे लोक आडवे होण्याआधी उरका. तानपुरेही श्रोते येण्यापूर्वी लागलेले असावेत. मध्ये ‘वाहवा’ नको आणि टाळ्याही नकोत. चांगल्या जागेला दाद देण्याची आपली सवय जुनी आहे, त्यामुळे हे स्पष्टपणे सांगावेच लागते. शेजारी घोरू लागला तर खांद्याला हलकेच हात लावून कुशीवर वळवायला एक स्वयंसेवक ठेवा. संपल्यावर दिवे हळूहळू वाढवा आणि दोन-तीन मिनिटे उठून बसू द्या. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे ज्येष्ठ झटकन उभे राहिले तर त्यांना चक्कर येऊ शकते.

पुढे कधी हीच मैफल गच्चीवर ध्वनिक्षेपक लावून करायची झाली तर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही आणि निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल आहे. ‘पहाटेची मैफल’ म्हणून पाच वाजताची वेळ छापण्याआधी हे पाहा.

प्रश्न : रक्तदाब उतरवणारा आणि झोप आणणारा राग कोणता? रोगाप्रमाणे राग दिलेला एक तक्ता सगळीकडे फिरतो, तो वापरू का? (कार्यक्रम-संयोजक, नाशिक)

उत्तर : नको. अमुक आजारावर अमुक राग, असे छातीठोकपणे सांगता येईल इतका पुरावा नाही. शिवाय ‘यमन’ म्हणजे काही एकाच मापाची गोळी नव्हे. यमनचा संथ आलाप आणि यमनमधला द्रुत तराणा यांचा शरीरावरचा परिणाम जवळजवळ उलटा असतो.

हे लयीबाबत तपासलेले आहे. २००६ मध्ये ‘हार्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात १२ संगीतकार आणि १२ इतर अशा २४ जणांना सहा प्रकारचे संगीत ऐकवले, त्यात भारतीय रागही होता. लय वाढली की श्वास, नाडी आणि रक्तदाब वाढत गेले. संगीताच्या शैलीचा वाटा त्यामानाने कमी होता. मध्येच दोन मिनिटांची शांतता ठेवली होती, आणि त्या शांततेत नाडी आणि रक्तदाब संगीत सुरू होण्यापूर्वीच्याही खाली गेले. संयोजकाने लक्षात ठेवायची खरी गोष्ट ही. प्रत्यक्ष मैफलीबद्दल २०१६ चा एक अभ्यास आहे : समूहगायनाच्या दोन कार्यक्रमांना आलेल्या ११७ श्रोत्यांच्या लाळेतले कॉर्टिसॉल (ताणाचे संप्रेरक) कार्यक्रमानंतर उतरलेले आढळले. पण तेवढाच वेळ नुसते स्वस्थ बसलेल्यांशी त्यांची तुलना केलेली नव्हती. २०२० मध्ये १०४ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा संगीताने ताण कमी होतो असेच दिसले, परिणाम लहान ते मध्यम. म्हणजे गोळी चालूच ठेवायची आणि गाणेही ऐकायचे. जाहिरातीत ‘उपचार’ हा शब्द टाळा.

एका तासाची आखणी साधारण अशी ठेवता येते. सुरुवातीला तीन मिनिटे नुसते तानपुरे, मग पंधरा मिनिटे आलाप, वीस-पंचवीस मिनिटे विलंबित (संथ लयीतले गाणे), आठ-दहा मिनिटे मध्यलयीतली चीज किंवा अभंग, परत तीन मिनिटे तानपुरे आणि शेवटी दोन मिनिटे पूर्ण शांतता. ही शांतता छापील कार्यक्रमपत्रिकेत लिहा, नाहीतर कोणीतरी ती ‘संपले वाटते’ म्हणून टाळ्यांनी मोडतो. तिहाया (तीनदा म्हणून समेवर येणारे तुकडे), सवाल-जवाब, ‘झाला’ हा द्रुत लयीतला भाग, तानांची बरसात हे सगळे वगळायचे. तबला असेल तर साधा ठेका, भरीव डग्गा आणि चाटीवर (तबल्याच्या कडेवर) जोर न देणारा हात. तबल्याशिवायही चालते.

हे सगळे कलाकाराला आमंत्रण देतानाच सांगा, मंचावर नव्हे. समोरचे श्रोते झोपलेले पाहून एखाद्याला अपमान वाटू शकतो, आणि तो वाटणे स्वाभाविक आहे. तशा कलाकाराला या कामाचा आग्रह धरू नये.

राग वेळेप्रमाणे घ्या, ऐकणाऱ्यांच्या कानाची ती सवय असते. सकाळी अहिर भैरव, दुपारी भीमपलासी, सायंकाळनंतर भूप किंवा यमन, त्याहून उशिरा बागेश्री, मालकंस. मारवा संध्याकाळचाच, पण पंचम नसलेला आणि षड्जाला हुलकावणी देत फिरणारा. ऐकणाऱ्याला अधांतरी ठेवण्यातच त्याची कमाल आहे. तो मोठ्या मैफलीसाठी ठेवा. एरवी पंचमात असणारी तानपुऱ्याची पहिली तार बागेश्री-मालकंसाला मध्यमात लागते. कार्यक्रमात यमन आणि मालकंस असे दोन्ही असतील तर मध्ये तार उतरवत बसण्यापेक्षा दुसरी जोडी लावून ठेवलेली बरी.

प्रश्न : तानपुरे सुंदर लागले आहेत, पण पेटी सुरू झाली की गांधारावर काहीतरी थरथरते. पेटी बिघडली आहे का? (गायनाची विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : पेटी ठीक आहे, फक्त तिचा गांधार तानपुऱ्याच्या गांधाराहून चढा आहे. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग असतात (एका भागाचे शंभर ‘सेंट’ धरतात), म्हणून तिचा शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटवर पडतो. तानपुऱ्याच्या खर्जातून (सर्वात खालच्या षड्जातून) जो गांधार आपोआप उमटतो तो ३८६ सेंटवर असतो. काळी एक पट्टीत, म्हणजे षड्ज १३८.६ हर्ट्झ असताना, या फरकातून सेकंदाला पाच-सहा ठोके ऐकू येतात. एरवीच्या मैफलीत ते तबल्यात आणि तानांत बुडून जातात. संथ आलापात, डोळे मिटलेले असताना ते दातात अडकलेल्या कणासारखे सलतात.

आलापात पेटी थांबवा, किंवा एकाच सुरावर अगदी हलका भाता ठेवा आणि गांधारावर मुक्काम करू नका. सारंगी मिळाली तर उत्तम. श्रुतींप्रमाणे सूर लावलेल्या पेट्याही मिळतात, मात्र त्या ठरावीक पट्टीतच गोड लागतात. आणि जवारी (घोडीवर तार टेकते तिथली घडण) तपासा : दोरा घोडीवर केसभर सरकला की तानपुरा झणझणतो किंवा मुका होतो. मिरजेच्या कारागिराकडे दोन वर्षांतून एकदा जवारी काढून घेतली तर पुष्कळ भांडणे मिटतात.

प्रश्न : बासरी आणि संतूरची मैफल होती. अर्ध्या तासात दोघांचे सूर फाटले. दोघेही चांगले वादक. कारण एसी? (सभागृहाचे व्यवस्थापक, ठाणे)

उत्तर : बहुधा तेच. हवा थंड झाली की बासरी उतरते, एका अंशाला साधारण तीन सेंट. तारा थंडीने आखडतात, म्हणून संतूर चढते. दोन वाद्ये विरुद्ध दिशांना पळाली की आठ अंशांच्या फरकात कानाला टोचेल एवढे अंतर पडते, आणि शंभराच्या आसपास तारा मंचावर परत लावणे शक्य नसते. तबल्याचे तसेच : दमट हवेत शाई-पुडी सैल पडून तो उतरतो, एसीच्या कोरड्या हवेत चढतो.

एसी २५-२६ वर ठेवून तासभर आधी सुरू करा, वाद्ये त्याच हवेत आणून मग लावू द्या, आणि नंतर रिमोट कोणाच्याही हाती देऊ नका. झोत मंचावर थेट येत नाही ना, ते उदबत्तीच्या धुराने पाहा. आडवे पडलेल्या माणसाला बसलेल्यापेक्षा लवकर गारवा लागतो, म्हणून पातळ चादरी लागतीलच.

प्रश्न : वृद्धाश्रमात स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी महिन्यातून एकदा गाणे करतो. गेल्या वेळी दोन आजी घाबरल्या, एक आजोबा उठून निघून गेले. काय चुकले? (स्वयंसेवक, कोल्हापूर)

उत्तर : वेळ कोणती होती ते तुम्ही लिहिलेले नाही, पण आधी तीच पाहा. दिवेलागणीच्या सुमारास अशा अनेक रुग्णांची बेचैनी वाढते. सकाळी दहा-साडेदहा किंवा दुपारच्या चहानंतर लगेच, ही वेळ बरी. तीस-चाळीस मिनिटे पुरेत.

माइक आणि स्पीकर काढून टाका. गाणारा समोर दिसतो पण आवाज कोपऱ्यातल्या खोक्यातून येतो, याने गोंधळ वाढतो. दहा-बारा जणांचे अर्धवर्तुळ, गायक त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसलेला, अंतर दोन मीटर. टाळ आणि ढोलकी नकोत. एक तानपुरा आणि गळा, फार तर हलकी पेटी. रागसंगीताचा आग्रह धरू नका. दहाव्या ते तिसाव्या वर्षापर्यंत ऐकलेले सर्वात खोल रुजलेले असते, तेव्हा घरच्यांना विचारून यादी करा : कोणाची ओवी, कोणाचा अभंग, कोणाचे भावगीत, कोणाची कव्वालीही असेल. गाणे नेहमीच्या पट्टीपेक्षा दोन स्वर खाली घ्या, म्हणजे आजींना सोबत गुणगुणता येते.

निघून गेलेले आजोबा ही चूक नव्हे. दार उघडे ठेवा, सोबतीला एक माणूस द्या आणि त्यांना परत आणून बसवू नका. एखाद्या गाण्याने रडू आले तर लगेच दुसरे सुरू करू नये. हात धरून थांबावे आणि गायकाने तेच गाणे हळूहळू संपवावे.

प्रश्न : ४३२ हर्ट्झच्या वाडग्यांची ‘ध्वनिस्नान’ मैफल खरेच जास्त गुणकारी असते का? (वाचक, पणजी)

उत्तर : ४३२ या आकड्यात काही जादू नाही. ज्याच्याशी त्याची तुलना होते ते ४४० हर्ट्झ हे वाद्ये एकमेकांशी जुळावीत म्हणून ठरवलेले माप आहे. आपल्याकडे तर षड्ज गायकाच्या गळ्याप्रमाणे ठरतो, म्हणजे ‘योग्य’ आकड्याची ही चर्चा आपल्या संगीताला लागूच होत नाही. वाडग्यांचा लांबणारा नाद आवडत असेल तर जरूर जा, पण मोठ्या झांजेसारख्या गाँगपासून तीन मीटर तरी लांब झोपा. कानात सतत गुंजन असणाऱ्यांनी दाराजवळची जागा घ्यावी. छातीवर वाडगा ठेवून वाजवणार असतील तर पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तयार होऊ नये.

प्रश्न : आईला श्रवणयंत्र आहे. बोलणे नीट ऐकू येते, पण बासरी आणि तानपुरा ‘हेलकावे खातात’ म्हणते. यंत्र बदलावे का? (वाचक, नागपूर)

उत्तर : आधी यंत्राची मांडणी बदलून पाहा. शिट्टी रोखणारी सोय लांबलेल्या एकसुरी स्वराला शिट्टी समजते आणि तो मोडायला जाते, तेच हेलकावे. गोंगाट कमी करणारी सोय तानपुऱ्यालाही गोंगाट समजून दाबते. श्रवणतज्ज्ञाकडे जाऊन संगीतासाठी वेगळा प्रोग्राम मागा : शिट्टी-रोधक कमीत कमी, गोंगाट-रोधक बंद, माइक सर्व दिशांचे. जाताना तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण सोबत न्या आणि आईला तिथेच ऐकवा. मैफलीत पोहोचल्यावर तो प्रोग्राम तिला स्वतःला लावता आला पाहिजे, म्हणून कोणते बटण किती वेळा दाबायचे ते मोठ्या अक्षरांत चिठ्ठीवर लिहून यंत्राच्या डबीत ठेवा.