कुठल्या गावचा, कुठल्या दिवसाचा?

बेळगाव,
मे 2021 चा शेवटचा आठवडा

पोरी,

परवा फोनवर तू विचारलंस, "काका, कोरोनाचा आलेख उतरलाय, साहेब खूश आहेत. पण आशाताई म्हणतात, गल्लीत घरटी एक जण तापानं पडलंय. मी कुणाचं खरं धरू?" मी नुसतं हं हं करून फोन ठेवला. ते हं हं रात्रभर सलत राहिलं, म्हणून हे लिहितोय. जेवण, झोप, मास्क हे तुझी आई सांगतेच. त्यात मी भर घालत नाही.

तू धाडलेला आलेख मी मोबाईलवर बोटांनी ताणून ताणून बघितला. खाली तारखा आहेत, पण कसल्या? ताप आल्याच्या, स्वॅब घेतल्याच्या, रिपोर्ट आल्याच्या, की तू संगणकात चढवल्याच्या? कुठंच लिहिलेलं नाही. रिपोर्टच्या असाव्यात, कारण दर सोमवार-मंगळवारी खड्डा आहे आणि एका गुरुवारी सुळका. विषाणूला रविवारची सुट्टी नसते गं, ती लॅबला असते. गुरुवारी साठलेले रिपोर्ट एकदम सुटले, आणि गावोगाव बोंब झाली की उद्रेक झाला.

माझ्याकडे सांगण्यासारखं एकच आहे, तेही तू माझ्या तोंडून दहादा ऐकलंयस. आकडा हातात आला की आधी त्याला विचार, तू कुठल्या गावचा आणि कुठल्या दिवसाचा? उत्तर मिळेपर्यंत त्याला बसायला पाट द्यायचा नाही.

आधी दिवसाचं बघ. माणसाला दोन तारखेला कणकण येते. तो तीन दिवस मेडिकलमधल्या गोळ्यांवर काढतो. सहाला स्वॅब, दहाला रिपोर्ट, अकराला तुझ्या यादीत. त्याचा ठिपका दोन तारखेवर पडायला हवा. तसा टाकलास तर आणखी एक गोष्ट कळेल. गेल्या सात-आठ दिवसांची उतरण नेहमीच खोटी असते, कारण त्या दिवसांत आजारी पडलेले अजून तुझ्यापर्यंत पोचलेलेच नसतात. तेवढा भाग पेन्सिलीनं काढत जा. साहेबांना शाईची रेघ आवडते, ठाऊक आहे मला. आणि 17 एप्रिलच्या पोटनिवडणुकीनं वाढलं की लग्नसराईनं, हा वाद तुमच्या ऑफिसात चाललाय म्हणालीस. लागण झाल्यापासून लक्षणं यायला साधारण पाच-सहा दिवस, फार तर चौदा. ताप आल्याची तारीखच लिहिली नसेल, तर हा वाद चहासोबत करायचा. मीटिंगमध्ये नव्हे.

त्या दिवशी स्वॅब किती घेतले, हेही दिवसाच्याच पोटात येतं. समजा, गेल्या आठवड्यात शंभर स्वॅबांत वीस पॉझिटिव्ह निघाले आणि या आठवड्यात किट संपत आले म्हणून चाळिसांत पंधरा. वीसाचे पंधरा झाले म्हणून हार-तुरे? 20 टक्क्यांचे साडेसदतीस झालेत. जागतिक आरोग्य संघटनेनं गेल्या वर्षी सलग दोन आठवडे 5 टक्क्यांच्या खाली राहण्याचा मापदंड दिला होता. कुठं 5 आणि कुठं आपण. शिवाय रॅट, म्हणजे झटपट होणारी अँटिजेन तपासणी, निगेटिव्ह आली पण ताप-खोकला आहे, त्याची आरटीपीसीआर, म्हणजे लॅबमधली पक्की तपासणी, व्हायलाच हवी. किती जणांची झाली, ते आशाताईंना विचार. त्या सांगतील आणि तुला घाम फुटेल.

आता गावाचं. इथं मी जरा चिडणार आहे.

आपला मुलूख कर्नाटक-महाराष्ट्राच्या सीमेवरचा, कुणाच्या नकाशात नीट बसत नाही. निपाणीचा रोगी कोल्हापूरला जातो, अथणी-कागवाडचा मिरजेला आणि चंदगडचा बेळगावला येतो. कोगनोळी नाक्यावर पोलीस रिपोर्ट तपासतात, आणि शेतातल्या पायवाटेनं दुचाक्या बिनबोभाट जातात. फॉर्मवर पत्ता कुठला? आधार कार्डावरचा. कार्डावर उचगाव, पण पोरगं दोन वर्षं पुण्यात भाड्याच्या खोलीत. त्याची लागण उचगावच्या खात्यावर. आणि खरोखर उचगावात राहून शिनोळी ओलांडून पलीकडं तपासलेली म्हातारी कुणाच्याच खात्यावर नाही. "तिकडचे आपल्या यादीत धरू नका" असं तुला सांगितलंय म्हणे. हे वाक्य मी तीस वर्षांपूर्वी ऐकलंय. ऐकलंय आणि पाळलंय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी आरोग्य निरीक्षक म्हणून निपाणीकडं होतो. पावसाळ्यात एका वाडीवर हगवण-ओकारी सुरू झाली. माझ्या कागदावर तीन रोगी. मी वर कळवलं, "परिस्थिती नियंत्रणात." त्याच वाडीतले सात जण पलीकडच्या दवाखान्यात सलाईनवर होते, पण ते "तिकडचे" होते ना! दहा धरले असते तर मी त्याच दिवशी ब्लीचिंग पावडरचा डबा घेऊन विहिरीवर गेलो असतो. पाच दिवसांनी एक पोरगा आईच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी ऑफिसात आला. हातात पलीकडचा केसपेपर, घामानं ओला, चार घड्या घातलेला. मी म्हटलं, नोंद तिकडं होईल. तो म्हणाला, "दवाखाना तिकडचा असंल साहेब, विहीर आमचीच हाय की."

संध्याकाळी जाऊन विहिरीच्या पाण्याची ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरिनची तपासणी, केली. पिवळा रंग येतो बघ क्लोरिन असलं की. पाणी काचेसारखं पांढरं राहिलं.

माझ्यावर काही आलं नाही. कागद बरोबर होते. मीही कित्येक वर्षं हेच म्हणत आलो की नियमच तसा होता, मी एकटा काय करणार, घरी दोन लहान पोरं. आताही लिहिता लिहिता तेच लिहिणार होतो. खरं तर पलीकडं फोन लावायला मला नियमानं अडवलं नव्हतं. त्यानंतर मात्र दर सोमवारी पलीकडच्या दोन दवाखान्यांत फोन लावायचो आणि गावं वहीत उतरवायचो. 2004 नंतर साथींवर नजर ठेवायला एस, पी, एल असे सरकारी फॉर्म आले. नर्सबाई, डॉक्टर, लॅब, तिघांचे वेगळे. सोमवार ते रविवारचा हिशेब. तरी माझी वही चालूच. सहकारी हसायचे. एकदा नोटीसही मिळाली, "अनधिकृत नोंदी ठेवल्याबद्दल". ती मी जपून ठेवलीय. जरा मिरवतोय म्हण हवं तर.

माझी आजी प्लेगच्या काळातली. घरात उंदीर मरून पडला की दुसऱ्या दिवशी चूल माळावर, झोपडीत. तिला आलेख काढता येत नव्हता, पण कुठल्या घरात आणि कुठल्या दिवशी उंदीर पडला हे तिला वर्षांनंतरही सांगता येत होतं. तुझ्या आशाताई तेच करालेत. त्यांचं ऐकायचं की आलेखाचं, हा प्रश्नच चुकीचा आहे. त्यांच्या तोंडी गावही आहे आणि दिवसही. आलेखात दोन्ही नाहीत.

साहेबांशी भांडू नकोस. नोकरी नवीन आहे, आणि भांडून मी काही मिळवलेलं नाही. यादी ते सांगतील तशी दे. पण शेजारी स्वतःची एक फाईल ठेव, त्यात दोन रकाने जास्त: राहतो कुठं, ताप कधी आला. तलाठ्याकडं जाऊन मार्चपासूनची मृत्यूची नोंदवही माग आणि 2019 च्या त्याच महिन्यांशी ताडून बघ. मरण पलीकडं झालेलं असेल तर तिथंही सापडणार नाही, म्हणून आशाताईंना घरं विचार. लाजू नकोस, लोक सांगतात.

सुरुवात त्या गल्लीपासूनच कर. घरटी एक म्हणालीस ना, मग घरं किती? तेवढं उद्या मोजून आण आणि मला फोन कर. या वेळी मी हं हं करणार नाही.

तुझा,
काका