म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळालेलं जुनं अमेरिकन सुपरहिरो कॉमिक आठ वर्षांच्या मुलीला द्यावं का?

मुखपृष्ठाच्या वरच्या भागात कॉमिक्स कोडचा तिकिटासारखा शिक्का आणि आतल्या बारीक मजकुरात १९५५ ते १९७० मधलं साल असेल, तर बहुधा द्यायला हरकत नाही. प्रकाशकांनी १९५४ साली स्वतःवर घातलेल्या या नियमांत नग्नता, शिवीगाळ, अति रक्तपात बसत नव्हता. १९७१ मध्ये नियम सैल झाले, व्हॅम्पायर आणि अमली पदार्थांचे विषय आले; त्यानंतरचा अंक आधी स्वतः अखेरपर्यंत वाचा. १९४० च्या दशकातल्या अंकांवर शिक्का नसतोच, तेही आधी तपासा. मात्र शिक्क्यावर विसंबू नका. वंशाची टिंगल नियमाने बंद होती, तरी आशियाई, आफ्रिकी पात्रं साचेबद्धच रंगवली जात. ती पानं मुलीसोबत बसून वाचा.