पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना अपूर्णांकच येत नसतील तर गणित कुठून सुरू करावं?

सर, तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या एका पॉलिटेक्निकला तासिका तत्त्वावर रुजू झालात, निम्म्या वर्गाला १/२ + १/३ येत नाही, मग अभ्यासक्रम बाजूला ठेवून पाचवीपासून सुरू करू का?

नका करू. मीही याच शहरात बेसिक मॅथेमॅटिक्स शिकवतो. पाचवीपासून सुरुवात केली की बरी पोरं मागच्या बाकावर मोबाइल काढतात आणि कच्च्या पोरांची चारचौघांत पुन्हा शोभा होते. शिवाय ते सगळं त्यांनी शाळेत ऐकलेलंच असतं. अडचण त्यांच्या डोक्यात घट्ट बसलेल्या चुकीच्या नियमांची आहे. आधी ते हुडकून काढा.

फळ्यावर ३क्ष = १२ लिहा. बरेच जण ४ म्हणतील, काही ९, आणि एखादा हमखास −४. नऊवाल्यानं ३ पलीकडे नेऊन वजा केले. −४ वाल्यानं भागाकार नीट केला, पण 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' म्हणून ३ चे −३ केले. दोघांनीही एकच मंत्र जपलाय. 'चूक' म्हणून पुढे जाऊ नका, आलेलं उत्तर समीकरणात परत घालायला लावा. नऊ त्रिक सत्तावीस झाले की पोरगं आपणहून थांबतं. मग 'दोन्ही बाजूंना ३ ने भागून' ही ओळ पूर्ण लिहायची सक्ती करा. पक्षांतर हा शब्द मी दिवाळीपर्यंत वर्गात काढूच देत नाही. कुणाला हा हेकटपणा वाटेल, वाटू दे.

१/२ + १/३ = २/५ लिहिणाऱ्याला लसावि लगेच सांगू नका. २/५ अर्ध्याहून मोठे की लहान, एवढंच विचारा. अर्ध्यात भर घातली आणि अर्ध्याहून कमी उरलं, हे त्याचं त्यालाच खटकलं पाहिजे.

आता हे कधी घ्यायचं? जिथे अडेल तिथेच. आंशिक अपूर्णांकांच्या दिवशी आधी १/३ + १/४ करून घ्या, ७/१२ येतील. लगेच खाली १/(क्ष+१) + १/(क्ष+२) द्या. उत्तर (२क्ष+३)/((क्ष+१)(क्ष+२)) आलं की क्ष = २ ठेवायला सांगा, पुन्हा ७/१२. आंशिक अपूर्णांक म्हणजे हीच बेरीज उलट्या दिशेनं, हे मग वेगळं समजवावं लागत नाही. ऋण संख्यांचंही तसंच, त्या रेषेच्या चढापाशी घ्या. (२, −३) आणि (−१, ५) हे बिंदू दिले की ५ − (−३) कुणाला जमतं ते तिथेच दिसतं.

दशांशाला वर्कशॉप हाताशी आहे. पंचवीस पाचापेक्षा मोठे म्हणून ०.२५ ला ०.५ पेक्षा मोठं म्हणणारा मुलगा ०.५ मिमी आणि ०.२५ मिमी पत्र्यांत जाड कोणता ते बोटांनी सांगतो.

शेकडेवारीला मी कांदा वापरतो. भाव क्विंटलला २००० वरून २० टक्के पडला आणि मग २० टक्के चढला, तर पुन्हा २०००च ना? शहरातली पोरं 'हो' म्हणतात. निफाड-चांदवडकडची आधी १६००, मग १९२० सांगतात आणि वर ८० रुपये कुणी खाल्ले तेही विचारतात.

पाढे घोकायला लावण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. बारापर्यंत येत असले तर पुष्कळ.

आणि जादा तास कॉलेज सुटल्यावर अजिबात ठेवू नका. पेठ-सुरगाण्याची पोरं एसटीच्या वेळेला बांधलेली असतात. ज्यांना गरज आहे नेमकी तीच गैरहजर राहतील, आणि 'मुलांनाच रस नाही' असा शेरा तुम्ही मारून मोकळे व्हाल. त्याऐवजी रोजच्या तासाची पहिली दहा मिनिटं घ्या, एकच गणित, सगळ्या वर्गाला, वहीत. वह्या घरी न्या. गुण देऊ नका, फक्त कोणती ओळ कुणी कशी लिहिली ते बघा. दुसऱ्या दिवशीचं गणित त्यातूनच मिळतं.