आधी परत घालून बघ

चि. —,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. फळमाशीचा नल म्युटंट, म्हणजे जीन पूर्ण निकामी, असूनही भ्रूणाच्या पेशीपटलावर अल्फा-स्पेक्ट्रिन हे पटलाला आतून आधार देणारं प्रथिन लख्ख दिसतंय, म्हणून तू आधी ते दाखवणाऱ्या अँटिबॉडीवर संशय घेतेस, मग म्युटेशनवर आणि शेवटच्या ओळीत स्वतःवर. तिघांनाही सोड. ३ए९ अँटिबॉडी चोख आहे. तुला दिसतंय ते आईचं स्पेक्ट्रिन. माशी अंड्यातच हे प्रथिन भरून ठेवते आणि त्या शिदोरीवर अख्खा भ्रूण घडतो. जीनची एकही चालू प्रत नसलेली अळी बाहेर येते आणि पहिल्याच अवस्थेत मरते.

आता तू म्हणणार, मग आईचा वाटाच काढून टाकते. ओळखतो मी तुला. बीजपेशींतून अल्फा-स्पेक्ट्रिन काढलंस की त्या पेशींना जोडणारा आतला सांगाडा, म्हणजे फ्यूझोमच बिघडतो, १६ पेशींचा पुंजका नीट बनत नाही आणि बरेचदा अंडपेशीच ठरत नाही. हे १९९६ मध्ये दाखवून झालंय. त्या वाटेने जाऊ नकोस.

मला खटकलं ते वेगळंच. तुझ्या अख्ख्या आराखड्यात रेस्क्यू कुठेच नाही. सुपर-रिझोल्यूशन सूक्ष्मदर्शक आहे, अक्षतंतूतली ती १९० नॅनोमीटरची आवर्तनं आहेत, पेशींची वाढ आवरणारी हिप्पो संदेशसाखळीसुद्धा आहे. काढून घेतलेला जीन परत घालून बघणं मात्र नाही. कारण काय, तर समितीने मागितलं नाही! समितीला काय, ती उद्या दुसरं काही मागेल. तू परत घालून बघ.

ली आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा पेपर काढ. सारांश नको, पूर्ण वाच. हाताशी अल्फा-स्पेक्ट्रिनची बरीच जीवघेणी म्युटेशनं होती. त्यांनी छोटा केलेला जीन माश्यांत घातला आणि त्या वाचल्या. मरण याच जीनमुळे येतं हे नुसत्या मेलेल्या अळ्या मोजून कुणाला कळलं असतं? आतड्याच्या पेशींची एकमेकींवरची पकड सुटते, ताम्रपेशींचा आकार बिघडतो, ही त्यांची निरीक्षणं आज आपण डोळे मिटून मानतो ती त्या रेस्क्यूच्या जिवावर.

आणि परत घालणं म्हणजे केवळ हिशेब तपासणं असं समजू नकोस. खरी गंमत मोडका जीन परत घालण्यात आहे. तांबड्या रक्तपेशीवरून सगळे धरून चालले होते की आधी अँकिरिन हे पटलाशी सांधणारं प्रथिन, मग त्याला धरून स्पेक्ट्रिन. २००६ मध्ये डुब्रुइल यांच्या प्रयोगशाळेने अल्फाच्या जोडीदाराचे, बीटा-स्पेक्ट्रिनचे, चार वेगवेगळे बिघाड करून माशीत घातले. अँकिरिन धरण्याची जागा काढली तरी स्पेक्ट्रिन आपल्या जागी पोहोचलं आणि माशीचं फारसं बिघडलं नाही. पटलातल्या मेदाला चिकटणारा भाग, म्हणजे पीएच डोमेन, काढलं तर आतड्याच्या पेशींत ते जागेवर बसेना आणि माश्या बहुतेक वेळा मेल्या. म्हणजे इथे स्पेक्ट्रिन पुढे, अँकिरिन मागे. माणसात अल्फाचे दोन आणि बीटाचे पाच जीन. माशीत एक अल्फा, एक बीटा, एक बीटा-हेवी, बस्स. एकाचं काम दुसऱ्याने झाकायची सोय फारशी नाही. असा प्राणी हाती असताना तू नुसते फोटो काढणार?

मला हट्टी म्हणतात, ठाऊक आहे. मी भ्रूणांत डीएनए टोचत बसलो तेव्हा बरोबरीचे लोक पेपर छापून पुढच्या विषयाला लागले होते. एक गुणी विद्यार्थी याच पायी कंटाळून गेला, त्याची हळहळ अजून आहे. पण त्या काळात छापलेलं एकही वाक्य मला मागे घ्यावं लागलं नाही, आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगतो. असो, माझं पुराण पुरे.

अल्फा-स्पेक्ट्रिन तिसऱ्या गुणसूत्रावर आहे, तेव्हा परत घालायचा जीन, म्हणजे ट्रान्सजीन, दुसऱ्यावर घे आणि दोन्ही प्रती असलेला स्टॉक बनव. म्युटेशन टीएम३ स्टबल या बॅलन्सरवर, म्हणजे खूण असलेल्या जोडीदार गुणसूत्रावर, ठेव. भ्रूण निवडायचे तर हिरवा चमकणारा बॅलन्सर घे, डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नकोस. २५ अंशांवर दहाएक दिवसांत माश्या बाहेर पडतील. त्यांना झोपव आणि पाठीवरचे केस बघ. आखूड, खुंटासारखे असतील तर बॅलन्सर आहे. लांब, टोकदार असतील तर ती माशी तुझ्या जीनवर जगलेली आहे. रेस्क्यू पूर्ण असेल तर दर ३ प्रौढांत १ अशी मिळायला हवी. कमी मिळाल्या तर घाबरू नकोस, आकडा आहे तसा लिही. म्युटेशन डेफिशियन्सीवर, म्हणजे तो तुकडाच गळालेल्या गुणसूत्रावर, घेऊनही हेच कर.

वाचलेल्या माद्या वेगळ्या काढून अंडी घालतात का तेही बघ. जीन घालायला साधा यूएएस-टी हा वाहक वापरणार असशील तर तो बीजपेशींत धड चालत नाही, त्यामुळे माद्या वांझ निघाल्या तर दोष स्पेक्ट्रिनला देऊ नकोस. मोजणी झाली की आधी आकडे पाठव. स्टेनिंगचे फोटो सावकाश आले तरी चालतील.